फॉरमॅट मारण्याआधी

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी पोराच्या हातातला व्हिडिओ गेम अडला की तो मोबाइलच्या दुकानात जातो. आतले नखाएवढे मायक्रो एसडी कार्ड काढून संगणकाला लावले जाते, पडद्यावर 'फॉरमॅट करायचे का?' असा प्रश्न येतो आणि दुकानदार 'हो' दाबून मोकळा होतो. कार्ड चालू! पोराचा खेळ मात्र पहिल्या लेव्हलपासून. त्याच कार्डात लग्नाकार्याचे फोटो असले तर तेही गेले.

याला दुरुस्ती म्हणत नाहीत. कार्ड वाचता येत नाही तेव्हा बहुधा आतला डेटा जागेवरच असतो. कुठली फाइल कुठे आहे, याची नोंद तेवढी बिघडलेली असते. सातबारा फाटला म्हणून रान वाहून जात नाही! खेळ सेव्ह होत असताना बॅटरी संपली किंवा कार्ड उपसले की ही नोंद अर्धवट राहते. कधी तर कार्ड धडधाकट असते. ३२ जीबीच्या वरची कार्डे सहसा एक्सफॅट पद्धतीची असतात आणि अनेक जुन्या यंत्रांना ती वाचताच येत नाहीत.

म्हणून आधी कार्डाचे पितळी दिसणारे टोक कोरड्या कापडाने पुसा, दुसऱ्या रीडरमध्ये लावून पाहा. उघडले तर सगळे आधी संगणकावर उतरवा. नाही उघडले तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट मिळणारी साधने आहेत. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर नव्हे, दुसरीकडे साठवा. फॉरमॅट त्यानंतर. साध्या फॉरमॅटनंतरही काही हाती लागू शकते. पण वर नवे गेम भरले की त्याखाली गेलेले परत येत नाही. आणि कुठल्याच रीडरला कार्ड दिसतच नसेल, तर ही साधनेही काही करू शकत नाहीत.

स्वस्तातल्या 'मोठ्या' कार्डांचा घोळ वेगळाच. आत जागा थोडी, पण कार्ड संगणकाला भलताच आकडा सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली खराब होतात. एचटूटेस्टडब्ल्यूसारखे साधन हे खोटे उघडे पाडते. मात्र ते नव्या, रिकाम्या कार्डावरच चालवावे.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये. गिऱ्हाइकानेही कार्ड घेताना पक्की पावती मागावी. तिच्यावाचून ग्राहक आयोगापुढे दाद मागणे जड जाते.