आरोग्याची नोंद आणि नोंदीचे आरोग्य

'विज्ञान : शाप की वरदान?' या विषयावर शाळेत आपण सर्वांनीच निबंध लिहिले आहेत. शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असे लिहिले, की गुणही मिळत आणि प्रश्नही मिटे. परंतु गेली दोन वर्षे आमच्या घरात हा प्रश्न रोज रात्री जेवणानंतर पुन्हा उभा राहतो आणि त्या ठराविक वाक्याने तो मिटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आई गावात आशा सेविका आहे. दिवसभर ती घरोघर हिंडून वहीत नोंदी करते. रात्री त्याच नोंदी पुन्हा मोबाइलमध्ये भरायच्या असतात. तिची नजर आता अधू झाल्याने ते काम माझ्याकडे आले. एका रात्री एका गरोदर बाईची माहिती भरताना वहीत रक्तदाबाचा रकाना रिकामा दिसला. मोबाइलवर तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडेना. मला झोप येत होती. पुस्तकात असतो तसा १२०/८० हा आकडा टाकून मी मोकळी झाले. सकाळी आईने पाहिले.

"अगं, हा कुणी मोजला?" एवढेच तिने विचारले.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच दिवशी ती त्या बाईला घेऊन उपकेंद्रावर गेली. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. पुढे त्या बाईचे बाळंतपण तालुक्याच्या गावी सुखरूप झाले. परंतु तेव्हापासून 'माहिती यशस्वीरीत्या भरली' या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

चूक माझी होती, हे मी नाकारीत नाही. पण 'मोजला नाही' हे खरे उत्तर देण्यास ज्या यंत्रात जागाच नाही, ते यंत्र माणसाला खोटे बोलायला शिकवते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि यंत्रात कोणता रकाना असावा, हे अखेर धोरणच ठरवीत असते.

आपल्या शासनाने या विषयाचा विचार केलेला नाही, असे मुळीच नाही. विद्युतीय वैद्यकीय नोंदींची मानके केंद्र सरकारने २०१३ साली ठरविली आणि २०१६ साली सुधारली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत तिचा प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ती देशभर सुरू झाली. तीत नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने त्याची कागदपत्रे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाहता येतात.

याचा उपयोग कोण नाकारील? बीडकडची ऊसतोड कुटुंबे दरवर्षी कित्येक महिने कारखान्यांच्या परिसरात कोपीवर राहतात. लेकराचे लसीकरणाचे कार्ड हरवले, की कोणती लस झाली आणि कोणती राहिली, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा लेकराची नोंद त्याच्यामागोमाग जाणार असेल, तर त्या यंत्राला मी वरदानच म्हणेन.

परंतु यंत्र बसविणे निराळे आणि ते अंगवळणी पडणे निराळे. अमेरिकेने २००९ साली कायदा करून संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना पैसे दिले आणि पुढे न ठेवणाऱ्यांच्या देयकांत कपात केली. २००८ साली तेथील दहांतल्या एका रुग्णालयाकडेही मूलभूत नोंदपद्धती नव्हती. २०१५ पर्यंत ती दहांपैकी आठांहून अधिक रुग्णालयांत आली. पण रोग्याकडे पाहण्याऐवजी पडद्याकडे पाहावे लागते, ही डॉक्टरांची तक्रारही तिच्याबरोबरच वाढली. इंग्लंडने २००२ साली वरून लादलेली राष्ट्रीय योजना आखली; अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली ती मोडीत काढण्याची घोषणा करावी लागली. पैशाने यंत्र येते, हुकुमाने तेही येत नाही; आणि विश्वास तर दोहोंनीही येत नाही.

आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा 'कोविन'वर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. शहरातली मंडळी मोटारी करून खेड्यांतील केंद्रांवर आली आणि गावकरी बाजूला उभे राहून पाहत राहिले. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही विचारला. २१ जूनपासून केंद्रावर येऊन नोंदणी करण्याची सोय सर्वत्र झाली. म्हणजे धोरण सुधारता येते. मात्र कोणीतरी विचारावे लागते.

म्हणून मीही विचारते. नोंद एकदाच का होऊ नये? वहीत तरी, नाहीतर मोबाइलमध्ये तरी! 'मोजले नाही', 'माहीत नाही' असे लिहिण्यास प्रत्येक रकान्यात जागा का नसावी? 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे असे शासन सांगते. मग केसपेपरच्या खिडकीवरही तो ऐच्छिकच राहील, याची हमी कोण देणार? तुटपुंज्या मानधनातून आशा सेविकेने मोबाइलचे रिचार्ज का भरावे? आणि रोग्याची गुपिते सांभाळण्यासाठी २०२३ साली झालेला माहिती संरक्षणाचा कायदा माझ्या आईला तिच्या भाषेत कोण समजावून सांगणार?

हे प्रश्न संगणकाच्या विद्यार्थ्यांचे आहेत, आम्हा कला शाखेच्या मुलांचा त्यांच्याशी काय संबंध, असे माझे काही मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. माणसाला रकान्यात बसविताना त्याचे काय बाहेर राहते, हे पाहण्याचे शिक्षणच तर आपण येथे घेत आहोत.

आजही आमच्या घरी रात्री मोबाइल उघडतो. रकाना रिकामा असला, की मी तो मिटते आणि सकाळी आईबरोबर त्या घरी जाते. महिन्याच्या यादीत आमच्या गावच्या नोंदी उशिरा दिसतात. पण खऱ्या असतात.