वापरातले सौंदर्य

वस्तू जुनी होत जाते तसा तिच्यावर घसारा मांडावा आणि तिचे पुस्तकी मूल्य कमी करावे, हा हिशेबशास्त्राचा नियम. बँकेतील सेवाकाळात मी तो निमूटपणे पाळला. जपानमधील एका विचारवंताने मात्र याच्या अगदी उलट प्रतिपादन केले. रोजच्या वापराने वस्तूचे सौंदर्य वाढते, असे त्यांचे मत होते. त्यांचे नाव यानागी सोएत्सु (१८८९-१९६१). जपानी पद्धतीनुसार यात आडनाव आधी येते.

कोरियातील साध्या मातीच्या भांड्यांनी सोएत्सु यांना प्रथम भुरळ घातली. पुढे १९२५ मध्ये हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या कुंभकलावंतांसह त्यांनी 'मिंगेई', म्हणजे लोकांची कारागिरी, हा शब्द रूढ केला. श्रीमंतांसाठी घडवलेल्या नक्षीदार वस्तूंपेक्षा अनाम कारागिरांचे भाताचे वाडगे, टोपल्या आणि हातमागाची वस्त्रे त्यांना अधिक मोलाची वाटत. वस्तू हातात नीट बसावी, टिकावी आणि सामान्यांना परवडावी, एवढेच कारागीर पाहतो. सौंदर्य त्यातूनच आपसूक उमटते, अशी त्यांची धारणा होती. १९३६ मध्ये टोकियोत या वस्तूंचे संग्रहालय उघडले. ते आजही सुरू आहे.

त्यांचे पुत्र यानागी सोरी (१९१५-२०११) यांचा ओढा मात्र पाश्चात्त्य आधुनिक रचनेकडे होता. फ्रेंच रचनाकार शार्लोत पेरियाँ १९४० मध्ये जपानला आल्या, तेव्हा सोरी त्यांचे साहाय्यक झाले. त्यांच्यापुढील प्रश्न बिकट होता. हाताची जागा यंत्राने घेतल्यावर वडिलांनी जपलेल्या गुणांचे काय होणार?

१९५४ मधील त्यांच्या 'फुलपाखरू' स्टुलात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवून, साच्यात दाबून वाकवायचे, अशी त्याची कृती. असे दोन अगदी सारखे भाग समोरासमोर ठेवून पितळी दांडी व स्क्रू यांनी जोडले, की पंख पसरल्यासारखी बैठक तयार होते. तेंदो या गावातील लाकूडकामाच्या कारखान्याने ते घडवले. जुन्या जपानी घरांत लोक जमिनीवरील तातामी चटयांवर बसत. त्यामुळे अशा स्टुलाला परंपरेत नमुना नव्हता. तरीही त्याच्या रेषांत अनेकांना शिंतो मंदिराचे प्रवेशद्वार दिसते. त्यावर वेगळी सजावट नाही. भार पेलणारा आकार हीच त्याची शोभा. सोरी कागदावरील आराखड्यापेक्षा हाताने नमुने करून पाहण्यावर भर देत. वस्तू यंत्रातून निघाली, तरी तिचा आकार आधी हातांनी पारखलेला असे.

अर्थात, सुबक स्टूल कारखान्यातून निघाले म्हणून काम गमावलेल्या कारागिराची चूल पेटत नाही. ही उणीव उरतेच. सोरी यांनी हस्तकलेकडे पाठ फिरवली नाही, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. १९७७ मध्ये त्यांनी वडिलांच्या संग्रहालयाची धुरा स्वीकारली आणि आपले रचनाकार्यही चालू ठेवले.

वाचकहो, घरासाठी एखादे भांडे वा आसन घेताना आपण किंमत विचारतो. त्या किमतीला वापराच्या वर्षांनी भागून पाहावे. दर दोन वर्षांनी बदलावी लागणारी स्वस्त वस्तू अखेरीस महाग पडते. वीस वर्षे रोज हाताळली जाणारी वस्तू मात्र घरातल्या माणसांसारखीच सवयीची होते. तिच्यावरचा घसारा कोणत्या दराने मांडावा, हे मला अद्याप कोणत्याही खतावणीत आढळलेले नाही.