देहाची खातेवही

आपण व्यापारी दिवाळीस चोपडीपूजन करतो, उधारीचा एक पैसाही विसरत नाही. परंतु स्वतःच्या देहाचा हिशेब मात्र पिशवीत कोंबलेल्या चिठ्ठ्यांवर सोपवितो. गतवर्षी मध्यरात्री पत्नीस रुग्णालयात न्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "यांना कोणते औषध सोसत नाही?" चाळीस वर्षे गहू-तांदळाचे भाव मुखोद्गत ठेवणारा मी निरुत्तर झालो.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने या उणिवेवर उपाय योजला आहे. 'आभा' या १४ अंकी क्रमांकास तपासण्यांचे अहवाल व औषधांच्या नोंदी जोडता येतात आणि रुग्णाच्या संमतीने डॉक्टरांस पाहता येतात. सुरतेत राबणाऱ्या परप्रांतीय हमालाचे कागद गावी जाताना येथेच राहतात. हा क्रमांक मात्र त्याच्यासोबत जातो.

नोंदी चोरीस जातील, ही भीती निराधार नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने चालवावे लागले. परंतु तिजोरी फुटल्याचे ऐकून कोणी पेढी बंद करीत नाही. तो कुलूप मजबूत करतो. रुग्णालयांनी आपले कुलूप सांभाळावे; मोबाईलवर येणारा ओटीपी ही आपली किल्ली, ती आपण कोणाच्याही हाती देऊ नये.

बंधुभगिनींनो, येत्या लाभपंचमीस नवी चोपडी उघडाल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांची व दुकानातील हमालांची ही दुसरी वहीही उघडून द्या. तिच्यातील नफा प्राणाच्या मोलाचा आहे.