वारसा, मृत्युपत्र आणि मेरी रॉय

कोट्टयमच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी रॉय यांचे सप्टेंबर २०२२ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या १९८६ च्या न्यायालयीन विजयाचे सर्वत्र स्मरण झाले. ते यथार्थच होते. परंतु त्या विजयाने मुलींच्या पदरात प्रत्यक्षात काय पडले, हा प्रश्न त्या गौरवात मागे पडला.

ज्या कायद्याशी त्या झुंजल्या, तो १९१६ चा त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायदा. मृत्युपत्र न करता पिता वारला, तर मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळे. लग्नात स्त्रीधन दिले वा कबूल केले असेल, तर तेवढीही नाही. विधवेचा हक्क केवळ हयातीपुरता. पुनर्विवाह केल्यास तोही संपे.

अन्यायाचे मर्म ‘कमी असेल ती’ या तीन शब्दांत होते. १९१६ साली पाच हजार ही लहान रक्कम नव्हती. पुढे रुपयाची क्रयशक्ती उतरत गेली, जमिनीचे मोल चढत गेले आणि आकडा मात्र जिथल्या तिथे गोठून राहिला. दहा लाखांची मालमत्ता आणि एक मुलगा, एक मुलगी असे कुटुंब कल्पावे. मुलीला पाच हजार, उरलेले सारे मुलाला. कायद्याचे एक अक्षरही न बदलता मुलीचा हिस्सा आटत गेला! महागाई भत्त्याचा हिशेब ठेवणाऱ्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

पतीपासून विभक्त झालेल्या मेरी रॉय दोन मुलांसह वडिलांच्या उटी येथील घरात राहत असताना, याच कायद्याकडे बोट दाखवून भावाने त्यांना घर सोडण्यास सांगितले होते. १९८३ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्या. भगवती व न्या. पाठक यांनी निर्णय दिला, की १ एप्रिल १९५१ पासूनच त्रावणकोरच्या ख्रिस्ती समाजाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू झालेला आहे. त्या कायद्यात मुलगा व मुलगी समान वारस आहेत. म्हणजे पस्तीस वर्षे लोक एका मृत कायद्याने वाटण्या करीत होते. मात्र असा कायदा घटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे काय, या मूळ प्रश्नाचा निवाडा करण्याची न्यायालयाला गरज वाटली नाही.

निकालाने केरळमध्ये खळबळ माजली. जुन्या वाटण्या उखडल्या जातील, बँकांकडे तारण दिलेल्या जमिनींचे काय होईल, अशी भीती घालण्यात आली. निकालाचा पूर्वलक्षी परिणाम रोखण्यासाठी विधेयक आणण्याचे प्रयत्न झाले. ते तडीस गेले नाहीत. त्याहून सोपी वाट हाताशी होती. भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्राचे स्वातंत्र्य जवळजवळ अनिर्बंध असल्याने पित्याने मुलांच्या नावे कागद केला, की मुलीचा समान हक्क कागदावरच राहतो. काही चर्चमधून तसा उपदेशही झाला.

आपल्याकडे हेच काम हक्कसोडपत्र करते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद मानले. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करून मोकळ्या होतात. लग्नात दिलेले दागिने व रोकड हाच तुझा वाटा, असे त्यांना सांगण्यात येते. पण उत्पन्न देणारी जमीन आणि खर्चून जाणारी रोकड यांची बरोबरी कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

या बाबतीत गोव्याचा कायदा अधिक शहाणा म्हणावा लागेल. तेथे पोर्तुगीज काळापासून मालमत्तेचा अर्धा भाग मुलामुलींसाठी समान राखीव असून, सामान्यतः मृत्युपत्राने देता येतो तो उरलेला अर्धाच. २०१६ च्या गोवा वारसा कायद्यातही हेच तत्त्व कायम आहे. स्वकष्टार्जित मिळकतीवर मालकाचा पूर्ण अधिकार हवा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु मुलींना वगळण्यासाठी तो अधिकार कसा वापरला जातो हे केरळने दाखवले आहे, आणि अर्धी मिळकत तरीही मालकाच्या इच्छेवर राहतेच.