घरे किती, आणि कुठे?

ग्रामसभेत घरांचा विषय निघाला की भांडण होते ते एकाच गोष्टीवर : यादीत नाव कोणाचे? गावाला घरे किती लागणार, ती कुठे बांधायची, हे कोणी विचारीत नाही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली सुरू झाली, तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून निघाली. ग्रामसभेने ती तपासायची; उद्दिष्टाचा आकडा मात्र दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला असा उतरत येतो. दुसरीकडे बेळगावच्या आसपास भाताची शेते प्लॉट होत चालली आहेत. त्यांचा हिशेब या यादीत नाही.

इंग्लंडमध्ये २०११ च्या ‘लोकॅलिझम ॲक्ट’ने खेड्यांना आपल्या परिसराची योजना स्वतः आखण्याचा अधिकार दिला. पॅरिश कौन्सिलने, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीनेच म्हणा ना, मसुदा करायचा, स्वतंत्र परीक्षकाने तो तपासायचा, मग गावात सार्वमत. पण एक मेख आहे. वरच्या कौन्सिलच्या योजनेत गावाच्या वाट्याला जितकी घरे आली असतील, त्याहून कमी गावाला धरता येत नाहीत. हवी तर जास्त धरावीत.

हा अन्याय वाटेल. मला तो वाटत नाही. ज्याचे घर बांधून झाले आहे त्याला समोरचे शेत मोकळे राहावे असे वाटणारच, आणि सभेला येतो तोही तोच. ज्याला घर हवे तो पुष्कळदा परगावी भाड्याने राहतो, किंवा अजून शाळेत आहे. नुसते हात वर करून आकडा ठरवला तर तो शून्याकडेच सरकायचा.

मात्र घर कुठे आणि कोणासाठी, हे लोकांच्या हाती राहते. ऑक्सफर्डशायरमधील टेम या लहान शहराच्या वाट्याला ७७५ घरे आली होती. ती एका टोकाला न ढकलता लोकांनी वेगवेगळ्या जागांवर वाटली आणि २०१३ च्या सार्वमतात योजना मंजूर केली. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी सुट्टीपुरती येणाऱ्या श्रीमंतांनी घरे घेऊन ठेवल्यामुळे स्थानिक तरुणांना जागा उरेना. तेव्हा २०१६ साली मतदारांनी ठरवले की विक्रीसाठी बांधलेल्या नव्या घरात कायम राहणाराच हवा.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण मोजायला कायदा कशाला लागतो? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावचे रस्ते झाडतो. एका वर्षी झाडू बाजूला ठेवून चुली मोजाव्यात. एका छपराखाली भावांच्या वेगळ्या चुली किती? पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेल्यांची कुलूपबंद घरे किती? गावठाणात रिकामी जागा किती, आणि त्यातली पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी किती? अर्थशास्त्र आणि भूगोल विभागांनी मनावर घेतले तर आठ दिवसांचे काम आहे. तक्ता मराठीत आणि कन्नडात करावा, आणि पुढच्या ग्रामसभेत यादी वाचायच्या आधी वाचून दाखवावा.