नवा कॅमेरा, जुनी कुरकुर

नवा कॅमेरा दुकानात पोचण्यापूर्वी त्याच्याविषयीचे मत पोचलेले असते. जपानमधील एखादी कंपनी सकाळी नव्या कॅमेऱ्याची किंवा भिंगाची घोषणा करते आणि संध्याकाळपर्यंत नांदेडच्या एखाद्या स्टुडिओत चहा पिता पिता निकाल लागतो. "यात काही दम नाही," असे एक जण म्हणतो. "आता आपले जुने सगळे भंगारात," असे दुसरा म्हणतो. दोघांपैकी एकानेही तो कॅमेरा हातात धरलेला नसतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचे हसू येईल. मला मात्र ही कुरकुर मोलाची वाटते. ती नीट ऐकली तर तिच्या पोटात बहुधा भौतिकशास्त्राचा एखादा चांगला प्रश्न दडलेला सापडतो. अडचण एवढीच की, तो प्रश्न विचारण्याऐवजी छायाचित्रकार थेट उत्तर ठोकून देतात, आणि ऐकणारे ते उत्तर मोजून न पाहता उचलतात.

शाळेच्या मासिकात हा विषय कशाला, असे तुमच्या गुरुजींना वाटेल. पण उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड अशा गावांतील छोट्या स्टुडिओंचा विचार करा. तुमच्यापैकी काहींच्या घरीच असा स्टुडिओ असेल. पासपोर्ट फोटोचे काम मोबाइलने बरेचसे ओढून नेले. उरली ती लग्नसराई. चांगला कॅमेरा व एक भिंग घ्यायचे म्हणजे लाखांत जाणारा खर्च, तोही पुष्कळदा कर्ज काढून. चुकीच्या मतावर विश्वास ठेवून घेतलेल्या कॅमेऱ्याचे हप्ते पुढचे कितीतरी मुहूर्त खाऊन टाकतात. तेव्हा मत तपासता येणे ही येथे पोटापाण्याची गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये निकॉन कंपनीने झेड-६ व झेड-७ हे आरसा नसलेले कॅमेरे जाहीर केले आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये कॅननने ईओएस-आर जाहीर केला. या तिन्ही कॅमेऱ्यांत चित्रे साठवण्याचे कार्ड बसवायला एकच खाच होती. लग्नाचे फोटो काढणारे लोक जगभर खवळले. काहींना तो कांगावा वाटला. पण हिशेब करून पाहा. समजा, एका समारंभात कार्ड बिघडण्याची शक्यता हजारात एक आहे. दोन कार्डांवर एकाच वेळी चित्रे साठवली, तर दोन्ही बिघडण्याची शक्यता दहा लाखांत एक होते. (हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. कॅमेऱ्याची पिशवीच बसमध्ये विसरली तर दोन कार्डे काय आणि दहा काय!) डोंगराचे चित्र बिघडले तर डोंगर उद्याही तेथेच असतो. मंगलाष्टके मात्र पुन्हा म्हणत नाहीत. म्हणून ही तक्रार योग्य होती, असे माझे मत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये निकॉनने याच कॅमेऱ्यांच्या दुसऱ्या आवृत्त्या काढल्या, त्यांत दोन खाचा होत्या.

त्याच वेळी दुसरी ओरड झाली ती 'जुनी भिंगे वाया गेली' ही. हिच्यात अर्धे सत्य होते. जुन्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात भिंग व संवेदक यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. त्यामुळे निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असे. आरसा गेला आणि हे अंतर १६ मिलिमीटरवर आले. आता जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसवायचे तर मध्ये ३०.५ मिलिमीटर लांबीचे पोकळ कडे घातले की झाले, प्रतिमा बरोबर संवेदकावर पडते. कंपनीने असे कडे विकायलाही काढले. उलटा प्रकार मात्र जमत नाही. नवे भिंग जुन्या कॅमेऱ्यावर चालवायचे तर ते कॅमेऱ्याच्या पोटात तीन सेंटिमीटर खुपसावे लागेल, आणि तेथे तर आरसा आहे! म्हणजे जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर चालणार, हे बहिर्गोल भिंगाची किरणाकृती काढणाऱ्या दहावीच्या मुलालाही सांगता आले असते. खरी अडचण वेगळीच होती. काही जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नसते, कॅमेऱ्यातील मोटर त्यांना फिरवते. त्या कड्यात अशी मोटर नव्हती. तेव्हा ती भिंगे बसत होती, पण हातानेच फिरवावी लागत होती. ज्यांच्याकडे अशी भिंगे होती त्यांची तक्रार खरी होती. इतरांनी तिच्यात आपला सूर मिसळला.

आता माझ्या आवडीचे उदाहरण. जुलै २०२० मध्ये कॅननने ६०० व ८०० मिलिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे जाहीर केली. दोन्हींचा छिद्रांक एफ/११, आणि तो बदलण्याची सोयच नाही. पक्ष्यांचे व वन्यप्राण्यांचे फोटो काढणाऱ्या अनेकांनी याची टर उडवली. एवढ्या बारीक छिद्रातून उजेड येणार तरी किती, असा त्यांचा सवाल.

छिद्रांक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ८०० ला ११ ने भागा, व्यास सुमारे ७३ मिलिमीटर येतो. याच कंपनीच्या एफ/५.६ च्या जुन्या ८०० मिलिमीटर भिंगाचा व्यास येतो सुमारे १४३ मिलिमीटर. व्यास जवळजवळ दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ जवळजवळ चौपट, म्हणून प्रकाशही जवळजवळ चौपट. टर उडवणाऱ्यांचा मुद्दा येथपर्यंत पक्का आहे. शिवाय छिद्र लहान असल्यामुळे विवर्तन वाढते. एफ/११ ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू संवेदकावर सुमारे १५ मायक्रॉन व्यासाची चकती होऊन उमटतो. त्याच दिवशी जाहीर झालेल्या साडेचार कोटी पिक्सेलांच्या आर-५ कॅमेऱ्यात एका पिक्सेलची रुंदी सुमारे ४.४ मायक्रॉन. म्हणजे एक बिंदू तीनहून अधिक पिक्सेलांवर पसरणार. हेही खरे.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? जुने भिंग साडेचार किलोचे. नवे १,२६० ग्रॅमचे. नव्याची अमेरिकेतील जाहीर किंमत २०२० मध्ये ८९९ डॉलर होती, जुन्याची त्याच्या दहापटीहून अधिक. आणि मुख्य म्हणजे उजेड कोठला? छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात छिद्रांक १६ ठेवला तर संवेदनक्षमतेचा जो आकडा, त्याच्या व्यस्ताइतके सेकंद पडदा उघडावा. एफ/११ ला याच्या निम्मा वेळ पुरतो. संवेदनक्षमता ८०० ठेवली तर पडदा १/१६०० सेकंद उघडून पुरे! उडत्या बगळ्यासाठी हे चांगलेच झाले. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी जानेवारीत सकाळी दहाला उभे राहिलात तर ऊन मागावे लागत नाही. मराठवाड्यात एवढी एक गोष्ट तरी मुबलक आहे.

आता मेळघाटातील संध्याकाळ घ्या. समजा, तेथे उजेड ६४ पट कमी आहे. मग एफ/११ चे भिंग १/२५ सेकंद मागेल आणि हलणारे रानडुक्कर पुसट उमटेल. तेथे टर उडवणारा बरोबर. पण त्याचे महागडे भिंगही १/१०० सेकंद मागणार आहे, हे तो सांगत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती मेळघाटातील संध्याकाळचे मत विष्णुपुरीच्या सकाळी लागू केले की. मत ऐकताना ते कोणत्या उजेडातले, हे आधी विचारावे. मी वर्गात एककाशिवाय उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापतो. उजेड न सांगता भिंगाविषयी बोलणे मला त्याच जातीचे वाटते.

यात आणखी एक गंमत आहे. एप्रिलच्या दुपारी तर ऊन भरपूर, मग तेव्हा चित्र सर्वांत स्पष्ट यावे ना? तसे होत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, तिचा अपवर्तनांक क्षणोक्षणी बदलतो, आणि दूरची प्रतिमा पाण्यातल्यासारखी हलते. लातूर-नांदेड रस्त्यावर दुपारी दिसणारे खोटे पाणी या तापलेल्या हवेचेच काम. अशा वेळी साडेचार किलोचे भिंगही काही करू शकत नाही. त्या दुपारी दोन्ही भिंगांची परीक्षा घेऊन 'भिंग खराब' असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

पिक्सेलांच्या आकड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे भांडणासारखे फारसे काही नाही. लग्नाच्या अल्बमचे एक पान १२ इंच बाय १८ इंच. इंचाला ३०० ठिपके छापायचे तर ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे १ कोटी ९४ लाख पिक्सेल पुरतात. पासपोर्ट फोटोला तर सव्वादोन लाखही लागत नाहीत. पिक्सेल दुप्पट केले तरी एका दिशेतील बारकावा १.४ पटच वाढतो. साध्या अडीच कोटी पिक्सेलांच्या कॅमेऱ्याला नाक मुरडणाऱ्याने आपल्या अल्बमचे पान पट्टीने मोजावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने ए-९ मालिकेतील तिसरा कॅमेरा जाहीर केला. त्याचा संवेदक सगळी चित्रचौकट एकाच क्षणी नोंदवतो. इतर बहुतेक संवेदक ओळीमागून ओळ वाचतात. मोबाइलने फिरत्या पंख्याचे चित्र काढा, पाती वाकडी दिसतील, ती याचमुळे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला घोडा सेकंदाला १५ मीटर धावतो असे धरा. सगळ्या ओळी वाचायला १/२० सेकंद लागत असेल, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घोडा ७५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो! लग्नाच्या मंचावरील काही एलईडी दिव्यांत फोटोवर काळे पट्टे येतात, त्यांचेही मूळ येथेच आहे. हे सर्व एका फटक्यात मिटले, तरी कुरकुर झालीच. या कॅमेऱ्याची किमान संवेदनक्षमता २५० आहे, १०० का नाही, अशी ती कुरकुर. कारण समजण्यासारखे आहे. प्रत्येक पिक्सेलला आपली नोंद वाचली जाईपर्यंत साठवून ठेवायला जागा द्यावी लागते, आणि एवढ्याशा चौकोनात जागा एका कामाला दिली की दुसऱ्या कामाला कमी पडते. घोड्यांचे फोटो काढणाऱ्याला हा सौदा परवडेल. खुर्चीवर बसलेल्या आजोबांचे फोटो काढणाऱ्याने तो करू नये.

नव्या यंत्राला आपल्याकडे नेहमी कुरकुरीनेच उत्तर मिळाले असे मात्र नाही. मुंबईत स्टुडिओ चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहिली आणि थेट इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रीकरण केले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९१८ च्या सुमारास विदेशी यंत्र समजून घेऊन दामल्यांच्या मदतीने स्वतःच चलच्चित्राचा कॅमेरा घडवला. यंत्राच्या पोटात काय चालते हे कळले की त्याच्याविषयीचे मत आपोआप वेगळे होते.

घोषणेच्या दिवशी येणाऱ्या उत्साही मतांविषयीही एक शब्द. ती देणाऱ्यांपैकी कित्येकांना कंपनीने कॅमेरा वापरायला दिलेला असतो, कधी प्रवासखर्चही दिलेला असतो. ते खोटेच बोलतात असे मी म्हणत नाही. पण प्रयोगाचे साहित्य ज्याने पुरवले त्याचे नाव वहीत लिहिलेले असावे.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. आपण शाळेत भिंगाचे प्रकरण फळ्यावर शिकवतो. ज्यांच्या बोटांना नाभीय अंतर व छिद्रांक पाठ आहेत असे छायाचित्रकार चार गल्ल्या पलीकडे बसलेले असतात. त्यांना वर्गात बोलवा. येताना फिल्मचा एखादा जुना एसएलआर कॅमेरा आणायला सांगा, बहुतेकांच्या कपाटात तो धूळ खात असतो. मागचे दार उघडा, फिल्मच्या जागी बटर पेपर चिकटवा, छिद्र पूर्ण उघडा, पडदा 'बी' वर ठेवून बटण दाबून धरा. खिडकीबाहेरचे झाड कागदावर उलटे दिसेल. मग ५० मिलिमीटरचे भिंग काढून बैठकीपुढे बरोबर एक सेंटिमीटर अंतरावर धरा. झाड पुसट होईल, आणि भिंगापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर ठेवलेली पेन्सिल कागदावर स्पष्ट उमटेल. हा ३० चा आकडा भिंगाच्या सूत्राने मुलांना आधी काढू द्या, मग पट्टी घेऊन मोजू द्या. छायाचित्रकारालाही मोजायला बोलवा.