गृहविज्ञान-विचार : सागरी मत्स्यालयासाठीं फेनयंत्र कसें निवडावें

खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय घरांत ठेवण्याची हौस आपल्या शहरांतील कांहीं कुटुंबांत दिसूं लागली आहे. नुसते रंगीत मासे न ठेवतां त्यांच्या जोडीला प्रवाळ वाढविणें ही या हौसेची वरची पायरी होय. एका वर्गणीदार गृहस्थांनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनीं घरांत अशी एक तीन फुटी टाकी मांडली असून, तिला आतां ‘प्रोटीन स्किमर’ नांवाचें यंत्र घ्यावयाचें आहे. दुकानदारानें जें यंत्र सुचविलें, त्याची किंमत रिकाम्या टाकीच्याही वर जाते. घरांतील वडील मंडळी म्हणतात, फेस काढण्याच्या नळकांड्यापायीं एवढा पैसा कां घालवावा? मुलगा म्हणतो, त्यावांचून प्रवाळ जगणार नाहींत. कुटुंबाची थैली एकच असल्यामुळें हा वाद केवळ शास्त्राचा राहिलेला नाहीं. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. सोयीसाठीं या उपकरणास आम्ही ‘फेनयंत्र’ म्हणूं.

प्रथम या यंत्राचें तत्त्व पाहूं. चुलीवर तुरीची डाळ उकळूं लागली कीं तिच्यावर फेस जमतो व गृहिणी तो पळीनें काढून टाकते. फेनयंत्राचें काम साधारणपणें याच जातीचें आहे. माशांच्या अंगचा चिकट स्राव, त्यांची विष्ठा, न खाल्लेलें अन्न यांपासून पाण्यांत अनेक सेंद्रिय द्रव्यें विरघळतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या रेणूचें एक टोंक पाण्यास धरून राहतें, तर दुसरें पाण्यापासून दूर जाऊं पाहतें. अशा रेणूस हवा आणि पाणी यांची सीमा हीच सोयीची जागा असते. तो बुडबुड्याच्या पृष्ठभागास जाऊन चिकटतो. एका उभ्या नळकांड्यांत लक्षावधि बारीक बुडबुडे सोडले, तर ते हा मळ अंगावर घेऊन वर चढतात, नळकांड्याच्या निमुळत्या गळ्यांत त्यांचा घट्ट फेस होतो, आणि तो फेस वरच्या पेल्यांत सांडून तपकिरी पाण्याच्या रूपानें सांचतो. पेला उपसून टाकला कीं तेवढी घाण टाकीबाहेर गेली.

पावसाळ्याच्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिंवळट फेसाचे पुंजके येऊन पडतात, ते ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस समुद्र हेंच काम आपणहून करतो हें ध्यानांत येईल. गोड्या पाण्याच्या टाकीस हें यंत्र सहसा लावीत नाहींत, याचें कारणही यांतच आहे. गोड्या पाण्यांत बुडबुडे एकमेकांस भेटले कीं एक होऊन मोठे होतात. खाऱ्या पाण्यांत क्षारांमुळें हें मीलन पुष्कळ अंशीं टळतें व बुडबुडे बारीकच राहतात. बुडबुडे जितके बारीक, तितका एकंदर पृष्ठभाग अधिक, व तितका मळ अधिक उचलला जातो.

हा मळ पाण्यांत तसाच राहिला, तर जंतु त्याचें विघटन करतात, त्यापासून अमोनिया, अमोनियापासून नायट्राइट आणि त्यापासून नायट्रेट होतें, फॉस्फेटही वाढतें. मग शेवाळ माजतें व प्रवाळ मलूल होतात. फेनयंत्र सेंद्रिय मळाचा कांहीं भाग सडण्यापूर्वींच बाहेर काढतें, हा त्याचा मोठा गुण. शिवाय हवा व पाणी यांची घुसळण होत असल्यामुळें पाण्यांत प्राणवायूही मिसळतो. परंतु झालेलें अमोनिया किंवा नायट्रेट हें यंत्र प्रत्यक्ष काढीत नाहीं, ही मर्यादाही विसरूं नये.

आतां खऱ्या प्रश्नाकडे येऊं. महाग यंत्रानें स्वस्त यंत्रापेक्षां किती अधिक काम होतें? यावर मापून पाहिलेला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन व त्यांचे विद्यार्थी यांनीं निरनिराळ्या बनावटीचीं फेनयंत्रें घेऊन त्यांची परीक्षा केली व २००९ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यांतील एकंदर सेंद्रिय कार्बनापैकीं सुमारें २० ते ३० टक्के एवढाच भाग या यंत्रांनीं निघाला. उरलेला ७० ते ८० टक्के, यंत्र कितीही वेळ चालविलें तरी, पाण्यांतच राहिला. दुसरें असें कीं, निरनिराळ्या यंत्रांच्या कामांत किंमतीच्या मानानें म्हणावा तसा फरक आढळला नाहीं. सर्व सेंद्रिय द्रव्यें बुडबुड्यास चिकटणारीं नसतात, आणि जें चिकटतच नाहीं तें महाग बुडबुड्यासही चिकटणार नाहीं.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, घडणीनें प्रामाणिक असें मध्यम यंत्र घ्यावें. त्याच्या वर जो पैसा जातो तो बहुधा कमी आवाज, सुबक जोडणी, वेग कमीअधिक करण्याची सोय यांसाठीं जातो. या गोष्टी वाईट नव्हेत, पण प्रवाळांचें जीवित त्यांवर अवलंबून नाहीं.

यंत्र मुळांतच अवश्य आहे काय, असेंही कोणी विचारील. १९६१ सालीं इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं जिवंत खडक, समुद्राचें पाणी व साध्या हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ वाढविण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढें जर्मनींत जी ‘बर्लिन पद्धत’ रूढ झाली, तिनें जिवंत खडकास जोरदार फेनयंत्राची जोड दिली. दोन्ही रीतींनीं प्रवाळ वाढले आहेत. म्हणून ज्यांची टाकी शंभर लिटरांच्या आंत आहे, मासे दोन-तीनच आहेत आणि दर आठवड्यास दहा-पंधरा टक्के पाणी बदलण्याचा ज्यांचा नेम मोडत नाहीं, त्यांनीं या खर्चांत न पडलें तरी चालेल. त्याहून मोठ्या टाकींत मात्र यंत्र असलेलें बरें. कारण तेवढें पाणी वारंवार बदलणें श्रमाचें व मिठाच्या खर्चाचें होतें.

यंत्राचा आकार ठरवितांना प्रथम टाकींतील खरें पाणी मोजावें. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशा टाकीची मापें गुणिलीं म्हणजे सुमारें १८२ लिटर येतात. त्यांतून खडक, वाळू व वरची मोकळी जागा यांचा पांचवा हिस्सा वजा केला तर १४५ लिटर उरतात. खालच्या कुंडांत, ज्यास ‘संप’ म्हणतात, ४० लिटर असतील तर एकूण १८५ लिटर झाले. खोक्यावर जो लिटरांचा आंकडा छापलेला असतो तो बहुधा थोडे मासे असलेल्या टाकीचा, म्हणजे विक्रेत्यास सोयीचा असतो. म्हणून आपल्या पाण्याच्या दीडपट आंकडा असलेलें यंत्र पाहावें. मासे अधिक असतील तर दुपटीचें. त्यापलीकडे जाऊं नये. फार मोठ्या यंत्राच्या रुंद गळ्यांत फेस टिकून वर चढण्याइतका मळ लहान टाकींत तयारच होत नाहीं. मग तें तासन् तास कोरडें राहतें व मधूनच पाणी ओकतें. मोठें तें चांगलें हा व्यवहारांतील समज येथें लागू पडत नाहीं.

प्रकार पुष्कळ आहेत, पण निवड करणें कठीण नाहीं. लांकडी हवाकांडीवर चालणारें यंत्र सर्वांत स्वस्त. परंतु तिचीं छिद्रें बुजतात, कांडी कांहीं आठवड्यांनीं बदलावी लागते, आणि हवेचा पंप निराळा घ्यावा लागतो. सुयांसारखे दांते असलेल्या चक्राचा पंप स्वतःच हवा ओढून तिचे बारीक कण करतो. थोड्या विजेंत हें काम होत असल्यामुळें बहुतेक घरांस हाच प्रकार योग्य. खालीं कुंड असेल तर यंत्र कुंडांत ठेवावें. नसेल तर टाकीच्या काठावर टांगण्याचें घ्यावें. मात्र टांगण्याच्या यंत्राखालीं भिंत, गालिचा किंवा पुस्तकांचें कपाट येणार नाहीं हें पाहावें.

कुंडांत ठेवावयाच्या यंत्रास ठराविक खोलीचें पाणी लागतें. तें बहुधा १५ ते २५ सेंटिमीटर असतें व माहितीपत्रकांत दिलेलें असतें. यंत्र नेहमीं त्याच कप्प्यांत ठेवावें, जेथें बाष्पीभवनानें पाण्याची पातळी खालींवर होत नाहीं. घरून निघतांना कपाटाची आंतली उंचीही मोजून न्यावी आणि पेला वर उचलून काढण्यास हातभर नव्हे तरी चार बोटें जागा राहते कीं नाहीं तें पाहावें.

विजेचा हिशेब किंमतीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण हें यंत्र रात्रंदिवस चालतें. १५ वॉटचा पंप वर्षास सुमारें १३१ युनिट वीज घेतो. ४० वॉटचा सुमारें ३५० युनिट. शिवाय पाण्यांत बुडालेल्या पंपाची बहुतेक वीज शेवटीं उष्णता होऊन पाण्यांतच उतरते. आपल्याकडील वैशाखांत प्रवाळांस उष्मा आधींच सोसवत नाहीं. त्यांत आपण होऊन भर कां घालावी?

परदेशीं असलेल्या मुलांकडून वा भाच्यांकडून यंत्र मागविण्याचा मोह पुष्कळांस होतो. अमेरिकेंतील वीज ११० ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. तिकडील साधा पंप येथें थेट लाविला तर जळेल. मध्यें ट्रान्सफॉर्मर घातला तरी तो मंद फिरेल व हवा कमी ओढील. ज्याच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असें स्पष्ट छापलें आहे, तोच पंप मागवावा. त्याचें चक्र व आंस हे सुटे भाग येथें मिळतात कीं नाहीं, हेंही आधीं विचारून ठेवावें. नाहींतर दहा-वीस ग्रॅमच्या तुकड्यावांचून सारें यंत्र अडगळींत जातें.

जुनें यंत्र अर्ध्या किंमतींत मिळत असेल तर घेण्यास हरकत नाहीं. नळकांड्यास तडा नाहीं व पंप खडखडत नाहीं एवढें पाहून घ्यावें. आंत बसलेला चुनखडीचा थर पाणी घातलेल्या व्हिनेगरांत भिजत ठेवल्यानें सुटतो. आम्ही तर म्हणूं, ज्याची थैली लहान आहे त्यानें नवें भपकेबाज यंत्र पाहण्यापूर्वीं चांगलें जुनें शोधावें.

यंत्र बसविल्यावर पहिले कांहीं दिवस, क्वचित् दोन आठवडेही, तें नीट फेस धरीत नाहीं. तेवढ्यावरून दुकानदाराशीं भांडूं नये. तेल लागलेला हात पाण्यांत गेला तर फेस बसतो. साबणाचा अंश गेला तर तो उतूं जाऊन पेला भरून वाहतो. घरांत मुलें असतील तर डोक्यास खोबरेल लावून झाल्यावर कोणीं टाकींत हात घालावयाचा नाहीं, हा नियम आधींच घालून द्यावा. गळ्याच्या आंतल्या बाजूस जो चिकट थर बसतो तो दर दोन-तीन दिवसांनीं पुसला पाहिजे. न पुसल्यास उत्तम यंत्रही निकामी यंत्राप्रमाणें वागतें. दर तीन महिन्यांनीं पंप उघडून धुवावा. एकत्र कुटुंबांत सर्वांचें म्हणून जें काम असतें तें कोणाचेंच होत नाहीं. यासाठीं हें काम एकाच माणसाकडे सोंपवावें, व तो परगांवीं गेल्यास कोणी करावयाचें तेंही ठरवून ठेवावें.

वांचलेला पैसा कोठें घालावा? प्रथम मिठांत. १८५ लिटर पाण्यापैकीं आठवड्यास दहा टक्के बदलावयाचें तर सुमारें ७०० ग्रॅम, म्हणजे वर्षास ३६ किलोच्या आसपास सागरी मीठ लागतें. हा खर्च कधींच थांबत नाहीं. त्यानंतर शुद्ध केलेल्या पाण्यांत व खारटपणा मोजण्याच्या साधनांत. आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप घेण्यास विसरूं नये. रात्रीं चार-पांच तास वीज गेली तर मासे गुदमरतात, आणि त्या वेळीं महागांतलें फेनयंत्रही स्तब्ध उभें असतें. आमच्या मतें या लहानशा हवापंपाचा मान फेनयंत्राच्या आधींचा आहे.

एक गोष्ट वडील मंडळींनीं स्वतः लक्ष घालून पाहावी. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणारे सर्व प्रवाळ घातले गेले असून, आपल्या समुद्रांतून ते काढणें वा विकत घेणें हा गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत व तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. परदेशांतून आणलेले खडक बांधणारे प्रवाळही आंतरराष्ट्रीय करारानें नियंत्रित आहेत. तेव्हां पावती व परवान्याची प्रत हातीं आल्यावांचून ते घेऊं नयेत. पायाचा खडक कोरडा किंवा घडविलेला घ्यावा. कांहीं महिन्यांत त्यावर जंतूंची वस्ती आपोआप होते.

तेव्हां पत्रलेखक गृहस्थांस आमचें सांगणें असें. चिरंजिवांस यंत्र अवश्य घेऊन द्यावें, कारण तुमच्या टाकीच्या मानानें त्याची मागणी रास्त आहे. पण दुकानदारानें दाखविलेलें नव्हे. सुमारें २८० लिटरांचा आंकडा असलेलें, १५ वॉटांच्या आसपासचें, सुटे भाग मिळतील असें मध्यम यंत्र पुरें होईल. त्या बदल्यांत गळा पुसण्याचा व पाणी बदलण्याचा नेम त्यानें पाळावा, आणि पहिले सहा महिने मासे चारांवर नेऊं नयेत, एवढें त्याजकडून कबूल करून घ्यावें. घरांत आणलेला जीव, मग तो बोटाएवढा कां असेना, आपल्या भरंवशावर असतो.

खारें पाणी घरीं कसें तयार करावें व त्याचा खारटपणा कसा मोजावा, याचा विचार पुढील अंकीं करूं.